झुडपाचा वाण आणि वाणाचा धनी



कापसाचा भाव, तुरीची खरेदी, विजेचे बिल हे सगळे विषय बाजूला ठेवून कोणी बागेतल्या फुलझुडपावर लिहायला बसला, तर तुम्ही म्हणाल, याला दुसरा उद्योग उरलेला दिसत नाही. पोटाला ज्वारी आणि हाताला कापूस असणाऱ्यांनी शोभेच्या झाडांची उठाठेव कशाला करायची? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे म्हणूनच हा लेख लिहिला आहे.

मला सांगायचे आहे ते एका वाक्यात असे: नवा वाण काढणे हे मुळात शेतकऱ्याचे काम आहे, ते त्याने पुन्हा हातात घेतले पाहिजे आणि काढलेल्या वाणावर नाव आणि दाम दोन्ही त्याचे असले पाहिजेत. ज्वारीचा किंवा कापसाचा वाण काढायला जमीन लागते, सात-आठ वर्षे लागतात, पदर मोकळा लागतो. बारमाही हिरवे राहणारे, फुलणारे, आटोपशीर वाढणारे झुडूप काढायला अंगणातल्या चार कुंड्या आणि धुण्याचे पाणी पुरते. शिकायचे असेल तर येथून सुरुवात करावी.

कपाशी हेही झुडूपच

आपण कपाशीला सहा-आठ महिन्यांचे पीक समजतो. पण कपाशी ही मुळात वर्षानुवर्षे जगणारी झुडपाची जात. देवळाच्या आवारात किंवा परसात देवकापसाचे झाड असते, वाती वळायला त्याचा कापूस वापरतात, ते वर्षानुवर्षे उभे असते. त्याच कुळातली कपाशी माणसाने निवडत निवडत एका हंगामात बोंडे देणारी केली. ज्या झाडाला लवकर फूल आले त्याचे बी ठेवले, जे उगाच वाढत गेले त्याचे ठेवले नाही. हे काम कोणत्या प्रयोगशाळेत झाले नाही. हजारो वर्षे बी राखणाऱ्या शेतकऱ्यांनी, आणि त्यातही बी निवडून मडक्यात ठेवणाऱ्या बायांनी ते केले.

आजही कपाशीचे शास्त्रज्ञ तेच करत आहेत. हलक्या जमिनीत, पावसाच्या भरवशावर, दाट लावता यावी म्हणून कमी पसरणारी, आखूड फांदीची कपाशी त्यांनी शोधली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सूरज, अकोल्याचा पीकेव्ही ०८१ आणि आपल्या नांदेडच्या केंद्राचा एनएच ६१५ हे सरळ वाण २०१० नंतर विदर्भात दाट लागवडीच्या प्रयोगांत घेतले गेले. भुईमुगात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांचा मारा करून मिळवलेल्या वाणांपासून टीएजी २४ हा बुटका, आटोपशीर वाण तयार केला. तो १९९१ साली शेतकऱ्यांना मिळाला. त्याच्या नावातला ‘ए’ अकोल्याचा आहे. म्हणजे आटोपशीर झाड काढण्याची विद्या आपल्या पिकांतलीच आहे. बागेचे झुडूप काढणारा तीच विद्या फुलाला लावतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले आणि १९६५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाचे पैदासकार म्हणून देशाला माहीत आहेत. त्याच माणसाने गुलाबाचे आणि बोगनवेलीचे कितीतरी वाण काढले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने जास्वंदीचे आणि बोगनवेलीचे वाण दिले. लखनौच्या वनस्पती संशोधन संस्थेने किरणांचा वापर करून रंगीत पानांच्या बोगनवेली मिळवल्या. देशातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना हे काम हलके वाटले नाही, तर आपल्याला का वाटावे?

बुटकेपणा कोणाच्या सोयीचा?

पण बुटके ते चांगले, असे डोळे झाकून मानू नये. १९६४ साली सीएसएच १ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. ताट आखूड, कणीस भरघोस. पुस्तकात उत्पन्न वाढले. शेतकऱ्याने विचारले, कडबा कुठे आहे? दाण्याच्या भाकरीला चव नाही, पावसात दाणा काळा पडतो, बैलाच्या पुढे टाकायला वैरण नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी अर्धी माणसाची आणि अर्धी जनावराची असते, हे वाण काढणाऱ्याच्या हिशेबात नव्हते. म्हणून रब्बीत आपण मालदांडीला सोडले नाही.

वाण काढण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न यातून मिळतो. हे झाड कोणाला हवे आहे आणि कशासाठी?

आटोपशीर झुडूप कोणाला हवे आहे ते बघू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे पुढे जागा बदलून वसली. जुन्या गावाचे वाडे, बोळ आणि दाटीची वस्ती गेली. नव्या गावात रुंद रस्ते आखले गेले, घरे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची मिळाली आणि घराभोवती मोकळी जागा आली. या जागेत काय लावायचे? लिंबाचे झाड मोठे होऊन सावली देते, ते एखादे पुरे. घराच्या भिंतीला मुळ्या लागणार नाहीत, खिडकी झाकली जाणार नाही, वर्षातून चार वेळा कापावे लागणार नाही, देवाला रोज फूल मिळेल आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यावर तगेल, असे झुडूप तेथे हवे. हे वर्णन दिल्लीतल्या बंगल्याच्या बागेचे नाही, आपल्याच पुनर्वसित गावाचे आहे.

दुसरे गिऱ्हाईक रस्त्याचे. औशावरून लातूर, अहमदपूर, नांदेडकडे तुळजापूर-नागपूर महामार्ग जातो. असे चौपदरी रस्ते झाले की मधल्या दुभाजकात झुडपे लागतात, कारण समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यावर येऊ नये. २०१५ साली केंद्र सरकारने हरित महामार्गाचे धोरण आणले आणि रस्त्याच्या खर्चातला एक टक्का झाडांसाठी ठेवायचे ठरवले. दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल हमखास दिसते. दोन्ही कमी पाण्यात तगतात, पण दोन्ही मोकाट वाढतात. फांद्या रस्त्यावर येतात, मग कापायला माणसे, टँकर, ट्रॅक्टर. कंबरेएवढे वाढून थांबणारे झाड मिळाले तर हा खर्च वाचतो. ज्याचा खर्च वाचतो तो रोपाला दोन रुपये जास्त देऊ शकतो.

आणि ही रोपे बहुतेक लांबून येतात. आपल्या रानातून गेलेल्या रस्त्यावर, आपल्याच हवेत वाढायची झाडे दुसऱ्या हवेत वाढलेल्या रोपवाटिकेतून गाडीने आणायची, ती पहिल्या उन्हाळ्यात मरायची आणि पुन्हा आणायची, हा व्यवहार ठेकेदाराला परवडत असेल. समाजाला परवडत नाही.

औषधाने बुटके आणि जन्माने बुटके

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रोपवाटिकेत गच्च, बुटके, फुलांनी लगडलेले झाड दिसले म्हणजे तो बुटका वाण असेलच असे नाही. द्राक्षवाले लिहोसीन मारतात, कपाशीवाले चमत्कार मारतात, आंबेवाले कल्टार घालतात. ही वाढ रोखणारी औषधे झुडपांनाही चालतात. औषधाचा असर सरला की तेच झाड सहा महिन्यांत बांबूसारखे सरळ वर जाते आणि गिऱ्हाईक शिव्या घालते.

जन्माने बुटके झाड वेगळे ओळखावे लागते. त्याच्या दोन पानांतले अंतर, ज्याला आपण पेर म्हणतो, ते आखूड असते. खालपासून फुटवे निघतात. मोठ्या झाडाची कांडी लावली तर नवे रोपही तसेच आखूड पेराचे होते. तीन वर्षे कोणतेही औषध न घालता, न कापता, ते झाड आपल्या उंचीत राहिले तरच त्याला आटोपशीर म्हणावे. हा नियम जो पाळील त्याच्या रोपाची पत बाजारात टिकेल. बियाण्यात बनवाबनवी कशी होते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे कापूसवाल्यांना नव्याने सांगायला नको.

कपाशीचे फूल, जास्वंदीचे फूल

आता हे काम करायचे कसे ते सांगतो. कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली भावंडे आहेत. जास्वंदीचे फूल हातात घेऊन पाहा. मधोमध एक दांडा, त्याच्या अंगावर परागाच्या पिवळ्या पुड्या आणि टोकाला पाच लहान बोंडक्या. कपाशीच्या फुलाची रचना हीच आहे, फक्त लहान.

१९७० साली सुरतेच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर ४ हा कपाशीचा व्यापारी लागवडीचा पहिला संकर दिला. पुढे नांदेडच्या केंद्राने एनएचएच ४४ दिला. हे संकरित बियाणे यंत्राने होत नाही. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी शोधायची, तिचे नर काढून टाकायचे, दुसऱ्या सकाळी नराच्या फुलाचा पराग तिच्या टोकाला लावायचा, खूण बांधायची. आपल्या मुलींनी आणि बायांनी रोजंदारीवर असल्या लाखो कळ्या हाताळल्या आहेत. बियाण्याचा सगळा धंदा या बोटांवर उभा राहिला. ज्या बोटांना कपाशीचे क्रॉसिंग येते, त्यांना जास्वंदीचे येते. शिकवायला कोणी साहेब लागत नाही. फरक इतकाच की कपाशीच्या प्लॉटवर ती बोटे मजुरीची असतात आणि अंगणातल्या जास्वंदीवर ती धन्याची असतील.

जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळी मिटते, म्हणून काम सकाळीच उरकावे. कडक उन्हाळ्यात पराग मरतो, तेव्हा पावसाळा सरल्यापासून हिवाळाभर हे काम करावे. आपल्या दारची दुहेरी लाल जास्वंद सहसा बी धरत नाही. तिचा पराग दुसऱ्या, बी धरणाऱ्या जातीवर टाकून पाहावा. दहा फुलांत एखादे लागले तरी पुष्कळ झाले. बोंड पिकायला दीड-दोन महिने लागतात. बी कुंडीत टाकावे. वर्ष-दीड वर्षात रोपाला फूल येते आणि मग निवड करायची वेळ येते.

निवडीचे निकष आधीच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावेत, नाहीतर डोळा रंगाला भुलतो. उंची कंबरेखाली, पेर आखूड. पान बाराही महिने हिरवे. वैशाखातही चार फुले. आठवड्यात एकदा पाणी मिळाले तरी मान न टाकणारे. आणि एक निकष कापूसवाल्यांसाठी खास आहे. २००६-०७ च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकूण आला होता, तो अनेकांच्या ध्यानात असेल. जास्वंद हे त्या किडीचे आवडते घर आहे. दारातली जास्वंद पांढरी पडली तर वाऱ्याने आणि मुंग्यांनी ती कीड बांधावरच्या पऱ्हाटीत जाते. म्हणून ज्या रोपावर पिठ्या ढेकूण जमतो ते कितीही सुंदर फुलले तरी उपटून जाळावे. ज्यावर तो कमी बसतो ते राखावे. शहरातल्या पैदासकाराला हा निकष सुचणार नाही, कारण त्याच्या बागेपलीकडे कापूस नसतो.

कण्हेरीवर काम करायचे असेल तर लक्षात ठेवा, तिचे पान, फांदी, मूळ सगळे विषारी आहे. छाटलेल्या फांद्या जनावरांच्या पुढे पडू देऊ नयेत आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नयेत. रस्त्याला ती चालेल, गोठ्याजवळ नको.

एक झाड म्हणजे एक वाण

झुडपाचे काम सोपे का, ते आता पाहू. ज्वारीत दोन वाणांचा संकर केला तर पुढच्या पिढीत सगळे फाटते. उंच, बुटके, लाल, पांढरे असे सगळे निघते. त्यातून निवडत निवडत वाण स्थिर करायला सहा-सात पिढ्या जातात. जास्वंदीसारख्या झुडपात पहिल्याच पिढीत प्रत्येक रोप वेगळे निघते, कारण आई-बापच मिश्र रक्ताचे असतात. शंभर रोपांत एक मनासारखे निघाले की पैदाशीचे काम संपले. त्याचे बी धरायचेच नाही. त्याची कांडी लावायची किंवा गुटी बांधायची. कांडीचे रोप म्हणजे तेच झाड, दुसऱ्या जागी उभे केलेले. एका झुडपाच्या वीस कांड्या लागल्या, पुढच्या वर्षी त्या प्रत्येकीच्या वीस, तर तिसऱ्या वर्षी आठ हजार रोपे होतात. काही मरतील, निम्मी धरा. तरी एका कुंडीतून आलेल्या वाणाने शेतकऱ्याची रोपवाटिका उभी राहते.

संकर करायचीही नेहमी गरज नसते. झाड कधी कधी स्वतःच वाण काढते. एखाद्या वेलीच्या एकाच फांदीला वेगळ्या रंगाचे फूल येते किंवा एकच फांदी आखूड पेराची निघते. बोगनवेलीत हे वारंवार घडते आणि तिचे कितीतरी वाण असेच मिळालेले आहेत. ज्याची नजर आहे तो ती फांदी खुणेने बांधतो आणि तिची कांडी वेगळी लावतो. ज्याची नजर नाही तो ती छाटणीत कापून उकिरड्यावर टाकतो.

हे महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला नवीन नाही. तासगाव तालुक्यातले वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन द्राक्षाच्या बागेतून तास-ए-गणेश वेगळे काढले. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण दिले. त्यांच्या कांड्या महाराष्ट्राबाहेरही पोहोचल्या. हे लोक कोणत्या विद्यापीठाचे पदवीधर म्हणून हे करू शकले नाहीत. रोज बागेत फिरणाऱ्या माणसाला हजार वेलींतली एक वेगळी दिसते, एवढ्यावर हे झाले. किल्लारीपासून नान्नज काही परदेशात नाही.

नाव कोणाचे, दाम कोणाला?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात हेन्री बोसेनबर्ग नावाचा एक बागकाम करणारा माणूस होता. एकदाच फुलणाऱ्या वेली गुलाबाच्या जातीतून पुन्हा पुन्हा फुलणारा प्रकार निघाला, तो त्याच्या नजरेला आला. १९३० साली अमेरिकेने कांडीने किंवा कलमाने वाढणाऱ्या वनस्पतींसाठी पेटंटचा कायदा केला होता. १९३१ साली त्या कायद्याखालचे पहिले पेटंट ‘न्यू डॉन’ या गुलाबावर बोसेनबर्गला मिळाले. लक्षात घ्या, अमेरिकेने वाणाचा हक्क आधी फुलाला आणि फळझाडाला दिला. गहू-मक्यासारख्या बियाण्याच्या पिकांच्या वाणांना संरक्षणाचा कायदा यायला १९७० साल उजाडले.

आपल्याकडे काय झाले? मालदांडी ही सोलापूर भागातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली ज्वारी. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात तिच्यातून निवड झाली आणि एम ३५-१ हा वाण आला. निवड करणाऱ्यांचे काम मोठेच होते. पण ज्यांनी ती ज्वारी राखली त्यांचे नाव कोणत्या कागदावर आहे?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचेच एक गाव आहे. तेथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. दीड एकराचा धनी असलेल्या या माणसाने त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे पेरल्या, आणि एचएमटी हा बारीक तांदळाचा वाण तयार झाला. घड्याळाच्या नावाचा हा तांदूळ विदर्भाबाहेर दूरवर गेला. १९९० च्या दशकात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यातून शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी काढला. दादाजींना पुढे पुरस्कार मिळाले, पण वाणाच्या विक्रीतला वाटा म्हणावा असे काही त्यांच्या घरी आले नाही. २०१८ साली ते वारले. गुलाबाच्या एका फांदीवर बोसेनबर्गला पेटंट आणि देशाला जेवू घालणाऱ्या तांदळावर दादाजींना शाल-श्रीफळ, हा फरक माणसांचा नाही. दादाजींनी वाण काढला तेव्हा आपल्या देशात वाणाच्या हक्काचा कायदाच नव्हता.

१९९० च्या दशकात डंकेल प्रस्तावाच्या वेळी मोठा गदारोळ झाला. बियाण्याचे पेटंट येणार, शेतकऱ्याला घरचे बी पेरता येणार नाही, अशी भीती घातली गेली. प्रत्यक्षात २००१ साली संसदेने जो कायदा केला त्यात पैदासकाराच्या बरोबरीने शेतकऱ्याचा हक्क लिहिला गेला. तो आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. ज्या शेतकऱ्याने नवा वाण काढला त्याला पैदासकार म्हणून नोंदणी करता येते. त्याच्या हक्काची मुदत झाडांना आणि वेलींना १८ वर्षे आणि इतर पिकांना १५ वर्षे आहे.

दुसरी. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीची फी नाही. अर्जावर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचे अध्यक्ष, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक अशांपैकी एकाचा दाखला चालतो.

तिसरी. नोंदवलेल्या वाणाचेही बियाणे शेतकऱ्याला राखता, पेरता, वाटता आणि विकता येते. फक्त छापील नावाने, ब्रँड म्हणून विकता येत नाही. या कायद्यात बियाणे या शब्दात ज्यापासून तसेच झाड होते ते सगळे येते. अमेरिकेत पेटंट असलेल्या झुडपाची कांडी घरच्या बागेत लावणेही कायद्याबाहेरचे आहे. आपला कायदा शेतकऱ्याच्या बाबतीत असा आडमुठा नाही.

चौथी. नवा वाण म्हणून हक्क हवा असेल तर देशात विक्री सुरू केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. म्हणजे आधी चार गावांत कांड्या वाटून, तीन वर्षांनी जागे होऊन चालत नाही. वाण वेगळा आहे, एकसारखा आहे आणि पिढ्यांत बदलत नाही, हे तपासले जाते.

कायदा कागदावर चांगला असला तरी तो आपोआप राखण करत नाही. २०१९ साली गुजरातेत पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या नोंदलेल्या वाणावरून शेतकऱ्यांवर दावे लावले. चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीच्या वर भरपाई मागितली. देशभर आवाज उठला तेव्हा कंपनीने दावे मागे घेतले. त्या शेतकऱ्यांच्या बाजूने कायद्याचे कलम होते, पण त्या कलमाला तोंड लोकांच्या एकजुटीने दिले.

फुलाने पोट भरते का?

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण गावोगावी सगळेच जास्वंदीच्या मागे लागले तर रोप कोण घेणार? बरोबर आहे. सगळ्यांनी हे करावे असे मी म्हणत नाही. प्रत्येकाने तेच केले की भाव पडतो, हे आपण टोमॅटोपासून सोयाबीनपर्यंत भोगले आहे. तालुक्यात चार घरांनी मन लावून केले तरी पुरे. कापूस आणि ज्वारी सोडून कोणी कुंड्या मांडाव्यात असेही नाही. कुंड्यांना शेत लागत नाही, लागतो तो सकाळचा अर्धा तास.

खरी मिळकत दुसरी आहे. ज्या घरातल्या पोरीने कुंडीत शंभर रोपांतून एक निवडायला शिकले, तिची नजर शिवारात गेल्यावर बदललेली असते. पऱ्हाटीच्या दहा हजार झाडांत जे एक झाड पाऊस लांबला तरी पाते गळू देत नाही ते तिला दिसते. मालदांडीच्या रानात जे ताट खोडमाशीने वाळले नाही ते तिला दिसते. त्याचे बी ती वेगळे बांधते. विकत आणलेल्या पाकिटावर जगणाऱ्या शेतकऱ्याची ही नजर मरत चालली आहे. नव्या तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. चांगले बियाणे जगात कोठेही निघो, ते शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे. पण बियाणे घेणारा आणि बियाणे निर्माण करणारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसता घेणारा भाव विचारतो. निर्माण करणारा भाव सांगतो.

बैठकीपुढे ठेवायचे मुद्दे

शेवटी, जिल्हा बैठकीत चर्चेला घ्यावेत असे चार मुद्दे मांडतो.

एक. वाणाच्या नोंदणीचा कायदा सरकारने अधिसूचित केलेल्या पिकांनाच लागू होतो. गुलाब, शेवंती, बोगनवेल यांच्यासारखी फुलझाडे त्या यादीत आली आहेत. दारात वाढणारी सगळीच झुडपे त्यात असली पाहिजेत, अशी मागणी करावी. ज्याला काम सुरू करायचे आहे त्याने आपले झाड यादीत आहे का ते आधी पाहावे.

दोन. आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांसाठी आणि सरकारी आवारांसाठी लागणारी झुडपे घेताना जवळच्या शेतकऱ्यांच्या रोपवाटिकांना आधी विचारावे. अनुदान नको, भीक नको. तीन उन्हाळे टिकलेल्या रोपाला टिकलेल्या रोपाचा भाव द्यावा, एवढेच.

तीन. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी विज्ञान केंद्रांनी शेतकऱ्याच्या वाणाची चाचणी त्याच्याच शिवारात, त्याच्या नावाने करावी. वाण विद्यापीठात गेला आणि विद्यापीठाच्या नावाने बाहेर आला, हा प्रकार पुन्हा होऊ नये. वाण देताना तारीख, वजन किंवा कांड्यांची संख्या आणि घेणाऱ्याची सही असा कागद शेतकऱ्याने घेतल्याशिवाय मूठभर बीही देऊ नये.

चार. प्रत्येक गावात एक वही घालावी. कोणाच्या परसात वेगळी जास्वंद आहे, कोणाच्या कुंपणाची बोगनवेल दोन रंगांची फुलते, कोणाच्या घरी देवकापसाचे जुने झाड आहे, कोणाच्या कणगीत जुन्या ज्वारीचे बी आहे, हे नावगाव आणि तारखेसह लिहून ठेवावे. भूकंपाने जुनी गावे गेली तेव्हा परसातली जुनी झाडेही मागे राहिली. त्यांतली किती कायमची गेली याची नोंद कोणाकडे नाही. आता जे उरले आहे त्याची तरी असावी. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने ही वही बरोबर आणावी.